हार घातलेली माय

वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावच्या आमच्या चौकात डोक्यावर ज्वारीचा भारा घेतलेल्या बाईचा सिमेंटचा, रंगवलेला पुतळा आहे. त्याचा चेहरा माझ्या मायचा. मूर्तिकार आमच्या शेजारीच भाड्याने राहायचा आणि त्याला अस्सल शेतकरीण हवी होती, म्हणून त्याने मायलाच दुपारी अंगणात बसवलं. “नाक जरासं लहान कर बापा,” एवढीच तिची अट होती. ती काही त्याने पाळली नाही.

यंदा महिला दिनाला कुणीतरी पुतळ्याला झेंडूचा हार घातला. चौकातल्या मोबाइलच्या दुकानदाराने त्याचा फोटो काढला, वरचा भारा कापून नुसतं तोंड आणि हार ठेवला, खाली ‘कष्टकरी माउलीस विनम्र अभिवादन’ लिहून आपल्या पेजवर टाकला. जित्या माणसाच्या फोटोला आमच्याकडे कुणी हार घालत नाही. त्यामुळे व्हायचं तेच झालं.

दुसऱ्या दिवशी अनसिंगची मावशी ऑटोतून उतरली ती रडतच. माय अंगणात तूर पाखडत होती. ती सूप टाकून उठली.

“कोन मेलं वं?”

मावशीने तिला पाहिलं आणि मटकन खाली बसली. “तूच तं मेली होती ना!”

आम्ही पोट धरून हसलो. माय हसली नाही. मावशीने मोबाइल काढून तिला तो हारवाला फोटो दाखवला.

“तो फोटो काढून टाक म्हना त्याले,” ती म्हणाली. “अजून कितीजनी रडत येतीन?”

दुकानदार काही ऐकेना. “ताई, फोटो म्या काढला, मंग तो माहाच ना? अन् लोकं पुढं पाठवून राह्यले, आता काहून काढू?”

माझं डोकं तापलं. मी मायला घेऊन वाशीमला एका वकिलाकडे गेले. त्यांनी शांतपणे समजावलं: पुतळ्याच्या कलेवर हक्क मूर्तिकाराचा, पण पुतळा रस्त्यावर कायमचा उभा, म्हणून त्याचा फोटो कुणालाही काढता येतो, आणि फोटोवर हक्क काढणाऱ्याचा.

“आन् तोंड कोनाचं?” मायने विचारलं.

वकिलांनी चष्मा काढून पुसला. “त्याचं वेगळं भांडावं लागेल, मावशी. वेळ जाईल. त्यापेक्षा गोडीगुलाबीने सांगून पाहा.”

“तवरक मी खरीच मरीन,” माय म्हणाली आणि उठली.

मालेगावला बसमधून उतरली ती थेट चौकात. ओट्यावर चढून तिने तो वाळका हार ओढून काढला आणि खाली उभ्या बकरीपुढे टाकला. मग पदर सारखा करून पुतळ्याला खेटून उभी राहिली. “काढ माहा फोटो.”

मी काढला. दोन्ही नाकं एकसारखी आली. तिथूनच मावशीला आणि सगळ्या सोयऱ्यांना पाठवला.

दुकानदार हे सगळं दारातून पाहत होता. तो धावतच आला. “ताई, भारी आला! मले पाठवा, पेजवर टाकतो.”

मायने त्याला हातानेच थांबवलं आणि मला विचारलं, “वकिलाच्या हिशेबानं हा फोटो कोनाचा?”

“काढणारीचा. म्हणजे माझा.”

“आन् काढनारी कोनाची?”

“तुझी.”

“मंग मले इचार म्हना त्याले.”

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. मी मायकडे बोट दाखवलं. त्याने खिशातून मोबाइल काढला आणि आधी पेजवरचा हारवाला फोटो पुसून टाकला.