ताटाची डावी बाजू

फोन आला तेव्हा मी शुगर लँडच्या एका देवळाबाहेर, टेक्सासच्या घामट उन्हात, टेबल मांडून लोकांच्या हातात पत्रकं कोंबत होते: तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, जीभ अडखळली, तर थांबू नका, ९११ लावा. विजूकाकूंचा मंदारदादा एवढंच म्हणाला, "आई झोपेतच गेली गं." मी टेबल आवरलं नाही. उलट पुढच्या काकांना दोन पत्रकं जास्त दिली. विजूकाकूंनी तेच करायला लावलं असतं, वर "ए मोर्चा, नीट बोल, ओरडू नकोस" म्हणून दटावलंही असतं. मोर्चा हे त्यांनी मला ठेवलेलं नाव. मी इथे शिकायला आले आणि त्यांच्या वरच्या खोलीत भाड्याने राहू लागले, तेव्हापासूनचं.

काकूंची ख्याती होती ताटाच्या डाव्या बाजूसाठी. उजवीकडची भाजी कोणीही करतं, असं त्यांचं मत. घर कळतं ते डावीकडच्या मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबिरीवरून. जवसाची चटणी, कारळ्याची, दोडक्याच्या शिरांची... आणि काही वर्षांपूर्वी मेंदूच्या झटक्याने नेमकी तीच बाजू नेली. झटका आला त्या सकाळी चहा पिताना त्यांचं तोंड वाकडं झालं, आणि घरातल्या शिकल्यासवरलेल्या माणसांनी काय केलं? मंडळातल्या ओळखीच्या डॉक्टरांना फोटो पाठवला. ते त्वचेचे डॉक्टर! त्यांनीच फोनवर बोंब मारली, "मला फोटो कसले पाठवताय? ९११ लावा!" इथे प्रत्येक मराठी घराचे एक 'आपले डॉक्टर' असतात, आणि त्यांना विचारल्याशिवाय आपण ॲम्ब्युलन्स बोलवत नाही. या भिडेपायी मेंदूच्या पेशी मरतात. मी हे सगळीकडे ओरडून सांगते, इथेही सांगते.

मेंदूकडून मज्जारज्जूकडे उतरताना हालचालीच्या नसांच्या वाटा बाजू बदलतात, म्हणून उजव्या मेंदूला इजा झाली की डावा हात-पाय जातो. काकूंचं त्याहून अजब होतं. डोळे उत्तम, तरी डावीकडचं जग त्यांच्या लेखी नव्हतंच. उजव्या बाजूचेच केस विंचरायच्या. उजवीकडचं अर्धं ताट चाटूनपुसून खायच्या आणि विचारायच्या, "आज चटणी केली नाही का कोणी?" चटणी तिथेच, डावीकडे. एकदा नर्सने त्यांचा डावा हात उचलून दाखवला, तर म्हणाल्या, "मंदारचा असेल. तोच असा पडून असतो." आम्ही पोट धरून हसलो. लोक मात्र कुजबुजले, वेड लागलं. त्या शब्दाची मला तिडीक आहे. वेड कसलं? मेंदूचा जो भाग डावीकडे लक्ष ठेवतो, त्याला इजा झाली होती. इतकं साधं आहे.

थेरपिस्ट बाईंनी सोपा उपाय सांगितला: ताट फिरवा. काकू हादरल्या. "फिरवायचं? म्हणजे चटणी उजवीकडे? मी मेल्यावर फिरवा!" मग बाईंनी जेवणाच्या टेबलाच्या डाव्या कडेला लाल पट्टी चिकटवली, ती दिसेपर्यंत मान वळवायची. काकूंनी त्यात आपलं डोकं चालवलं. चटणीशिवाय ताट असूच शकत नाही; चटणी दिसत नाही, म्हणजे मान अजून वळवायची राहिली आहे! डावीकडे काही आहे हे मेंदू सांगत नव्हता, ते त्यांची वाढण्याची सवय सांगत होती.

पण मंदारदादाने शेगडीची बटणंच काढून गाडीत ठेवली. "तू टीव्ही बघ, आई." त्याची भीती खरी होती, तरी माणसाला खुर्चीत पुरून ठेवायचं, याला मी जपणं म्हणत नाही. आम्ही कडाकडा भांडलो. शेवटी काकूच म्हणाल्या, "गणपतीच्या जेवणाला डावी बाजू मी वाढते. जमलं तर बटणं परत. नाही जमलं तर बघते तुझा तो टीव्ही."

मंडळाचं जेवण शाळेच्या कॅफेटेरियात होतं. मी वाढायच्या टेबलाला लाल पट्टी लावली. पहिल्याच ताटात चटणी थेट भाजीच्या जागी पडली. रांगेतली एक चिमुरडी म्हणाली, "आजी, अदर साइड!" मंदारदादाचा चेहरा उतरला... काकूंनी मान वळवली, आणखी वळवली, लाल दिसलं. "अस्सं होय," म्हणाल्या, आणि मग थांबल्याच नाहीत. एका हाताने चटणी, कोशिंबीर, लिंबू. मंडळाच्या अध्यक्षांनी मदत म्हणून लिंबाची फोड भातावर टाकली, तर ताडकन म्हणाल्या, "अहो, झटका मला आलाय. तुम्हाला काय झालंय?" रांग खो खो हसली. मंदारदादा पार्किंगमध्ये गेला, आणि खिशात बटणं खुळखुळवत परत आला. त्यानंतर शेवटपर्यंत, कोणीतरी शेजारी उभं राहून का होईना, त्या शेगडीवर काकूंच्या चटणीसाठी रोज काहीतरी भाजलं गेलं.

गेल्या आठवड्यात त्याने मला खाली जेवायला बोलावलं. लाल पट्टी टेबलाला तशीच आहे, कडेने थोडी सुटलेली. त्याने घाईत चटणी उजवीकडे वाढली. आम्ही दोघंही ताटाकडे बघत राहिलो... आता फिरवायला काकूंची परवानगी होती. त्याने ताट फिरवलं नाही. चमच्याने ती सगळी चटणी उचलली आणि पट्टीच्या बाजूला नेऊन ठेवली.