एका भिंतीचे दोन नकाशे

"हिला मागच्या खोलीत बसवा. अंगाला चुलीच्या धुराचा वास येतो. पार्टीसमोर बरं दिसत नाही."

साहेब हे मला नाही, शिपायाला म्हणाले. मी समोरच उभी, हातात पट्टी. साहेबांनी नाकाला रुमाल लावलेला. खुर्चीतली पार्टी हसली. मीही हसले. हो, हसले! त्याची लाज अजून जात नाही.

सत्याऐंशी साल. जळगावातलं घरांचे नकाशे काढून देणारं ऑफिस. आयटीआय करून मी तिथं ट्रेसिंगला लागले होते. टेबलावर बसून काम करणारी आमच्या वस्तीतली पहिली पोरगी. मागच्या खोलीत अमोनियाच्या वाफेवर नकाशांच्या प्रती निघायच्या. खिडकी नाही, पंखा नाही. दुपारपर्यंत डोळे सुजायचे.

राग साहेबांचा यायला हवा होता. मला आला मायचा. घरी जाऊन तिच्यावर खेकसले, "तुझ्या चुलीपायी माझी अब्रू जाते!"

माय खोकत खोकत म्हणाली, "मंग धूर कथा जाई वं? मांगली खिडकी बुजी गई. बठ्ठा धूर आते घरमाच फिरस." मागं नवी इमारत उठली होती; तिच्या भिंतीनं आमची एकुलती खिडकी बुजवली, आणि सगळा धूर घरातच फिरत राहायचा.

दुसऱ्या दिवसापासून मी उठायच्या आत ती स्वयंपाक उरकू लागली. माझे कपडे शेजारच्या अक्काकडे टांगू लागली, वास लागू नये म्हणून. धुरात ती खोकायची आणि मी पावडर फासून ऑफिसला. अशी मी लेक.

एकदा मागच्या खोलीत जुने कागद शोधताना एक गुंडाळी उलगडली. रस्त्याचं नाव वाचलं, कोपऱ्यावरच्या हौदाची खूण पाहिली. आमचीच गल्ली. आमच्या घराला चिकटून उठलेल्या तीन मजली इमारतीचे दोन नकाशे. काढताना मी काही वाचलंच नव्हतं. रेघ दिसली की रेघ ओढायची, एवढंच.

आमच्या धंद्यात एका इमारतीचे दोन नकाशे निघायचे. एक पालिकेच्या मंजुरीला, दुसरा साइटवर गवंड्याला. मंजुरीच्या नकाशात मागं दहा फूट मोकळी जागा. गवंड्याच्या नकाशात ती जागा गिळून भिंत थेट शेजाऱ्याला टेकवलेली. शेजारची घरं तिरप्या रेघांनी भरून टाकायची पद्धत. त्या रेघांखाली आमची खोली होती. चूल होती. माय होती. आणि कोपऱ्यात, नकाशा काढणाऱ्याच्या चौकटीत, माझी सही. दोन्हींवर.

मायचा श्वास मी माझ्या हातानं कोंडला होता. आपलेच दात, आपलेच ओठ. सांगणार कुणाला?

चार दिवसांनी साहेबांनी नवं काम दिलं. कापसाच्या जिनिंग मिलमधल्या मजुरांच्या खोल्या, पाठीला पाठ लावून. म्हणाले, "मंजुरीला खिडक्या दाखव. साइटच्या नकाशात नकोत."

"माणसं राहणार आहेत, साहेब. वारा कुठून येणार?"

"तुमच्या लोकांना सवय असते गं."

तळपायाची आग मस्तकात गेली. "दुसरा नकाशा मी काढणार नाही," म्हटलं. त्याच दुपारी नोकरी गेली. निघताना मायच्या भिंतीचे दोन्ही नकाशे पिशवीत घातले. चोरी म्हणा हवं तर.

ते जोडून पालिकेत अर्ज दिला. त्यात लिहिलं, 'दोन्ही नकाशे माझ्या हातचे. तुमच्याकडे मंजूर झाला तो खोटा. एकाच इमारतीचे दोन नकाशे निघतात, हे मला माहीत होतं.'

कारकुनानं वाचून मान वर केली. "ताई, यात तुम्हीच अडकाल. ही ओळ तेवढी खोडा."

नाही खोडली.

चार वर्षं झाली. भिंत पडलेली नाही. मायचा खोकला वाढलाय. दर सोमवारी मी त्या टेबलापुढं उभी राहते, अर्ज कुठवर आला विचारते. कारकून वैतागतो. वैतागू दे. गुन्हेगार म्हणून आधी मला उभी करा, माझी ना नाही. पण ती भिंत दहा फूट मागं सरकली पाहिजे. माय असेतोवर सरकली पाहिजे.