मेंग पाळकांचा जळफळाट

मेंग ग्यू-हो पाळकांचा उपदेश गुरुवारी लिहून व्हायचा, शुक्रवारी पाठ व्हायचा आणि शनिवारी दुपारी रिकाम्या चर्चमध्ये मोठ्याने म्हणून व्हायचा. कुठे थांबायचं, कुठे हात वर न्यायचा, कुठे आवाज खाली आणायचा, सगळं ठरलेलं. रविवारी त्या त्या जागा आल्या की मंडळी 'आमेन' म्हणायची. आता खोटं कशाला बोला, उपदेश उत्तमच असायचा. आमच्या या किनाऱ्यावरच्या गावात निम्मी माणसं समुद्रातलं खायचं शेवाळ वाळवतात आणि उरलेली ते विकतात. शब्दांवर अशी हुकमत असलेला माणूस दुसरा नव्हता. आजूबाजूच्या गावांच्या मंडळ्यासुद्धा त्यांना खास सभांना बोलवायच्या.

पाळकांनाही हे पुरेपूर ठाऊक होतं. दाद मात्र त्यांना एकाच माणसाची हवी होती, आणि नेमकी तीच मिळत नव्हती. बायकोची.

युन-जा दर रविवारी पहिल्या बाकावर बसायची. पाळकबाईची जागाच ती. चेहरा शांत, हात मांडीवर. जेवताना पाळक उगाच सहज विचारल्यासारखं करायचे, "आजचा कसा झाला?"

"चांगला झाला. अहो, मुळ्याची किमची वाढू का अजून?"

झालं, संपला विषय.

त्यांना एक मुलगा होता, से-जुन. नुकता कुठे शाळेत जायला लागला होता. बंदराच्या धक्क्यावरून पाय घसरला आणि गेला. दफनाच्या वेळी चर्चचा कारभार बघणाऱ्या पंचांनी पाळकांना परोपरीने सांगितलं, आज तुम्ही बोलू नका, दुसऱ्या कुणाला बोलावू. पण ऐकतील तर ते मेंग पाळक कसले! स्वतः उभे राहिले आणि देवाची देणगी देवाकडे परत कशी जाते यावर असे बोलले, की दर्यावर आयुष्य काढलेले बाप्येसुद्धा हुंदके देत होते. तो उपदेश लोक अजून आठवतात. युन-जाच्या डोळ्यांत मात्र पाण्याचा टिपूस नव्हता. पुढे कितीतरी वर्षं ती कधीच रडली नाही, आणि घरात पोराचं नाव दोघांपैकी कुणी काढलं नाही. बाईचा विश्वास फार दांडगा आहे, असं पाळक लोकांना सांगायचे. स्वतःलाही तेच सांगायचे.

गुडघे दुखायला लागले तशी त्यांनी पहाटेची प्रार्थना सहायक पाळकाच्या गळ्यात मारली. हा हाम दो-ग्यंग, तिशीतला, सडपातळ, बोलायला उभा राहिला की कान खाजवणारा. मध्येच थांबायचा, "थांबा हं जरा," म्हणायचा, पुन्हा सुरू करायचा. पाळकांनी एकदा ऐकलं आणि घरी येऊन पोट धरून हसले. "वाक्याला शेंडा नाही, बुडखा नाही. पहाटेच्या चार म्हाताऱ्यांना पुरे आहे म्हणा."

चार म्हाताऱ्यांच्या दहा झाल्या. मग त्यांच्या सुना यायला लागल्या. मग होड्या बाहेर काढण्याआधी गडीमाणसं टोप्या हातात धरून मागे उभी राहायला लागली. पंच प्यो, जे रविवारी पाळकांच्या उपदेशात न चुकता डुलक्या काढायचे, तेसुद्धा अंधारात मफलर गुंडाळून हजर! पाळक आपल्या खिडकीतून बघायचे आणि पडदा ओढून घ्यायचे.

"धाकटे पाळक अडखळतात फार," मासळी वाळवणारी चू आजी त्यांना बाजारात भेटली तेव्हा म्हणाली, "पण मेले अडखळून नेमके माझ्याच दुखऱ्या पायावर पडतात बघा. माझ्या पोटातलं ह्यांना कोण सांगतं, कळत नाही. पवित्र आत्माच सांगत असेल, दुसरं कोण!"

"छान, छान," पाळक म्हणाले. चेहऱ्यावर हसू होतं आणि आत नुसती आग. पवित्र आत्मा म्हणे! आणि आम्ही इतकी वर्षं काय भुईमूग सोलत होतो?

थंडी वाढली. एका पहाटे चर्च गरम ठेवणारा बॉयलर घरघरायला लागला म्हणून पाळक स्वेटर चढवून मागच्या दाराने गेले. बॉयलरच्या खोलीचं दार चर्चमध्ये उघडतं, त्याला फट आहे. दो-ग्यंग देवाच्या भलेपणावर काहीतरी बोलत होता. साधंच. मध्ये तो थांबला, कान खाजवला, बराच वेळ गप्प राहिला.

"थांबा हं. मी हे बोलायला आलो नव्हतो," तो म्हणाला. "पण इथे कुणीतरी देवावर रागावलेलं आहे. खूप दिवसांचा राग आहे. आणि बोलायची चोरी आहे, कारण लोक काय म्हणतील. त्या माणसाला सांगायचंय, रागवा. बिनधास्त रागवा. तो ऐकून घेईल. तुमच्यावर उलटा नाही रागावणार तो."

मग नेहमीसारखे दिवे मालवले. पहाटे आमच्याकडे तसंच असतं. अंधार करायचा आणि ज्याने त्याने आपापलं देवाला सांगायचं, मोठ्याने, जसं येईल तसं. त्या कल्लोळात एक बाई ओरडून रडायला लागली. पाळकांनी हातातला पाना खाली ठेवला. आवाज युन-जाचा होता.

आता दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, बरं झालं, बाईचं काळीज मोकळं झालं. मेंग पाळकांच्या मनात हे आलंच नाही. त्यांच्या मनात आलं ते असं: माझी बायको. माझ्या घरातली. माझ्यासमोर कधी रडली नाही, आणि या कानखाजव्यासमोर रडते?  बॉयलर तसाच टाकून ते घरी आले आणि पांघरूण डोक्यावर घेऊन झोपेचं सोंग करून पडले. युन-जा आली, हळूच तांदूळ धुवायला लागली. गुणगुणत होती. ते गुणगुणणं तर त्यांना रडण्याहून जास्त झोंबलं.

दुपारी दो-ग्यंगला बोलावणं गेलं.

"यापुढे पहाटेचा उपदेश लिहून काढायचा. आदल्या दिवशी मला दाखवायचा. आणि लिहिलंय तेवढंच वाचायचं."

"साहेब, काही चुकलं का माझं?"

"चुकू नये म्हणूनच सांगतोय. तोंडाला येईल ते बोलायचं आणि आत्म्याच्या नावावर खपवायचं, हे बरं नव्हे. पवित्र आत्मा काय आदल्या दिवशी सुट्टीवर असतो? तेव्हाही सुचवेल की."

"सुचवतो ना साहेब. मी तयारी करतोच. आठवडाभर एकच उतारा घोळवत असतो. पण उभा राहिलो की समोर माणसं दिसतात, आणि मग तयारीतलं निम्मं नको वाटतं."

"माणसं मलाही दिसतात, दो-ग्यंग."

"हो साहेब," तो म्हणाला आणि खाली मान घालून गेला. मोठ्यांचा शब्द मोडायचा नाही, या संस्कारात वाढलेलं पोर. दुसऱ्या दिवसापासून वाचायला लागला. एकेक ओळ बोटाने धरून, घसा कोरडा पडेपर्यंत. पाळकांनी त्यात जिथे जिथे काही जिवंत होतं तिथे तिथे लाल रेघ मारलेली असायची. आठवड्याभरात गडीमाणसं यायची थांबली. मग सुना. पंच प्यो पहाटेही डुलक्या काढायला लागले. त्या दिवसांत मेंग पाळक रोज दोन वाट्या भात खायचे आणि गुडघेदुखीची तक्रारही करत नव्हते.

"धाकट्यांच्या मागे लागलात वाटतं," युन-जा एकदा म्हणाली.

"चर्चला शिस्त लागते."

ती भांडी आवरायला लागली. पहाटेला जायची मात्र थांबली नाही. रोज जायची, रोज कोरडी परत यायची. हे पाहून तरी पाळकांचं पोट भरायला हवं होतं, पण माणसाचं मन कसलं चिवट! दो-ग्यंग आता तिला रडवत नाही एवढ्यावर त्यांचं भागेना. त्यांना तिला स्वतः रडवायचं होतं. एकदाच, आपल्या शब्दांनी.

म्हणून त्यांनी दो-ग्यंगला समोरच्या बेटावरच्या घरभेटींना धाडलं आणि पहाट स्वतःकडे घेतली. उपदेश कुठला? तोच. बॉयलरच्या खोलीतून ऐकलेला. शब्दन् शब्द डोक्यात बसला होता, पाठांतराची सवय ना! शनिवारी दार लावून त्यांनी सराव केला. 'थांबा हं' कुठे, गप्प किती वेळ राहायचं, सगळं नीट बसवलं. आणि हसू नका, कान खाजवायचासुद्धा सराव केला.

सोमवारची पहाट. मोठे पाळक बोलणार म्हणून मंडळी बऱ्यापैकी जमली होती. ते बोलत गेले, ठरल्या जागी थांबले. हात कानाकडे गेला.

"थांबा हं," ते म्हणाले. "मी हे बोलायला आलो नव्हतो. पण इथे कुणीतरी देवावर रागावलेलं आहे..."

"अगंबाई!" चू आजी शेजारणीला म्हणाली. आजीला ऐकू कमी येतं, त्यामुळे तिचं कुजबुजणं सगळ्या चर्चने ऐकलं. "हे धाकट्यांचं आहे की! अस्सं तिथेच थांबले होते!"

मागे कुणीतरी फिसकन हसलं. पंच प्यो दचकून जागे झाले आणि सवयीने "आमेन!" म्हणाले. पाळकांनी युन-जाकडे पाहिलं. ती उठून उभी राहिली होती. कोट अंगात घातला, बटणं लावली आणि मधल्या वाटेने चालत बाहेर निघून गेली. पाळकबाई उपदेशातून उठून गेल्याचं आमच्या गावात तोवर कुणी पाहिलं नव्हतं.

पाळक घरी आले ते तणतणतच. "चारचौघांत माझी अब्रू काढलीस! त्या पोराचं ऐकून ढसाढसा रडतेस, आणि मी तेच बोललो तर उठून जातेस?"

"तुम्ही ऐकत होतात?" तिने विचारलं.

"बॉयलर बघायला गेलो होतो."

"बसा. जेवण गार होतंय."

टेबलावर भात होता आणि शेवाळाचं सूप. पाळकांनी रागारागात दोन घोट घेतले. "सूप झकास झालंय," तोंडातून सवयीने गेलंच.

"दर वर्षी म्हणता."

"म्हणजे?"

"आज कुठली तारीख?"

पाळकांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. चमचा वाटीतच राहिला. वाढदिवसाला आमच्याकडे शेवाळाचं सूप करतात, हे काय त्यांना माहीत नव्हतं? पण या गावात ते एरवीही येता-जाता शिजतं. दर वर्षी या तारखेला ती ते से-जुनसाठी करायची आणि दर वर्षी ते चवीने खाऊन उठायचे.

"एकदाही विचारलं नाहीत, आज का केलंस," युन-जा म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "त्या पहाटे धाकट्या पाळकांना माझं काही ठाऊक नव्हतं. तरी ते थांबले, शोधत राहिले, घामाघूम झाले बिचारे. तुम्हाला सगळं ठाऊक होतं, आणि तुम्ही कान खाजवलात."

पाळकांनी सूप अर्धंच टाकलं. आयुष्यात पहिल्यांदा.

त्या आठवड्यात ते लिहायला बसले आणि तसेच उठले. गुरुवार कोरा गेला, शुक्रवारही. शनिवारी दो-ग्यंग बेटावरून आला, तेव्हा त्यांनी त्याला एवढंच सांगितलं, "पहाटेचं मला दाखवू नकोस यापुढे. तुझं तू बघ." सांगताना जिवावर आलं होतं त्यांच्या. पोराचा चेहरा उजळला तेव्हा तर आणखीच.

रविवारी चर्च तुडुंब भरलेलं. सोमवारची गोष्ट बाजारभर झाली होती, लोक काय ते बघायलाच आले होते. मेंग पाळक रिकाम्या हाताने व्यासपीठावर गेले. तिथल्या बायबलमधला उतारा वाचला. पुस्तक मिटलं. मग काहीच नाही. लोक खोकले, बाकं करकरली. ही थांबण्याची जागा बसवलेली नव्हती, हे तान्ह्या मुलालाही कळलं असतं. दो-ग्यंग मागच्या रांगेत डोळे मिटून त्यांच्यासाठी प्रार्थना करत होता. ते त्यांना दिसलं, आणि त्याही क्षणी राग आला.

"सोमवारी माझ्या मुलाचा वाढदिवस होता," ते म्हणाले. "से-जुनचा. मी विसरलो होतो. मी दर वर्षी विसरतो, कारण मला आठवायचं नसतं." पुढचा शब्द येईना. "त्याच्या दफनाला मी जे बोललो, ते मी आदल्या दिवशी पाठ केलं होतं. देवाने नेलं ते बरं केलं, असं मी तुम्हाला सांगितलं. मला ते पटलं नव्हतं. आजही पटलेलं नाही."

नाक वाहत होतं, ते बाहीने पुसलं. आमेन कुणी म्हटलं नाही. म्हणण्यासारखं काही नव्हतंच. त्यांची मान पहिल्या बाकाकडे वळू पाहत होती, युन-जा रडते आहे का हे बघायला. इतक्या वर्षांची खोड! त्यांनी मान वळू दिली नाही. पायांखालच्या फळ्यांकडे बघत उभे राहिले.

"पुढे मला काही येत नाही," ते म्हणाले आणि खाली उतरायला निघाले.

"अहो," पहिल्या बाकावरून युन-जा म्हणाली, घरात बोलते तशीच, सगळ्या चर्चदेखत. "उतरू नका. बोला. मी ऐकतेय."