भावाच्या कर्जावर माझी सही
ऑइलपेंटचा वास आला की धुळ्यातलं धाकट्या भावाचं घर आठवतं आणि माझं डोकं तडकतं. त्याने टेम्पोसाठी कर्ज काढलं, तेव्हा मी जामीन राहिले होते. ‘नुसती सही करनी शे, अक्का,’ म्हणाला होता. वर्षभरात त्याने हप्ते थांबवले आणि इकडे जळगावात माझा नर्सचा पगार कापला जाऊ लागला. रजा टाकून मी सकाळच्या एसटीने त्याच्याकडे गेले, तर हा ओट्यावर उभा राहून दाराला हिरवा रंग लावून घेत होता. उन्हात त्या वासाने डोळे चुरचुरत होते. ‘रंगाला पैसे आहेत आणि हप्त्याला नाहीत?’ मी विचारलं. रंगाऱ्यादेखत तो हसला. ‘सही तुनी शे ना? मंग तूच भर.’ मी रंगाचा डबा उचलला आणि त्याच्या पायाशी पालथा केला. भावजय ओरडत बाहेर आली. मी सरळ स्टँडवर आले. पुढची चार वर्षं हप्ते मीच फेडले. गेल्या महिन्यात त्याची मुलगी कॉलेजच्या कर्जाचा अर्ज घेऊन जळगावातच पिंप्राळ्याला माझ्या घरी आली. तिचा काहीच दोष नाही, हे मला कळत होतं. तिला पोटभर जेवू घातलं, आणि अर्ज सही न करता परत दिला.