ओसरीवरची पानं

माझे सासरे ठाण्याच्या कोर्टात वकील होते आणि म्युनिसिपालिटीत लोकांनी निवडून दिलेले मेंबर. त्यांचा पक्ष म्हणजे चार माणसं: ते स्वतः, पेन्शनीतले एक मास्तर, एक वैद्य आणि आमच्या कोपरीतलेच तांदळाचे एक व्यापारी. समोर सरकारने नेमलेले मेंबर. आमच्यातला एक जरी फुटला तरी ठराव पडे.

मामंजींची पद्धत ठरलेली होती. मीटिंगच्या दिवशी तिघांनी आमच्याकडे जेवायचं. काय भांडायचं ते पानावर भांडा, उठताना मात्र एक मत. स्वतः ते सगळ्यांत शेवटी बोलत. मी तिसरीपर्यंत शिकलेली, पण वाढता वाढता मला तो कारभार कळू लागला.

त्या वर्षी गोड्या पाण्याच्या विहिरीचा ठराव यायचा होता. खाडीमुळे आमच्याकडच्या विहिरी मचूळ. पिण्याचं पाणी आम्ही बायका रुळांपलीकडून आणत असू. त्या खेपांत माझं एक मूल पोटातच गेलं. त्यामुळे हा ठराव मला हवा होता.

आणि आदल्याच मीटिंगला व्यापाऱ्यांनी समोरच्यांच्या बाजूने हात वर केला. काम क्षुल्लक होतं, पण हात वर झाला.

मास्तर म्हणाले, "काहीतरी आमिष दाखवलं असणार. काढा त्यांना पक्षातून."

"काढलं तर आपण तीन," मामंजी म्हणाले.

संध्याकाळी ते स्वयंपाकघराच्या दाराशी आले. "सूनबाई, तू वाढतेस. शेटजींचं काय बिनसलंय?"

"त्यांचं पान ओसरीवर असतं, तुमची माजघरात. भांडण आत होतं. त्यांना हात धुताना निकाल कळतो."

शेटजी आमच्या जातीचे नव्हते. त्यांना बाहेर वाढण्यात कोणालाच वावगं वाटत नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही नाही.

ठरावाच्या दिवशी मामंजी म्हणाले, "आज सगळी पानं ओसरीवर. एका ओळीत."

सासूबाई उसळल्या. "उद्या वाळीत टाकलं तर नातवाच्या मुंजीला भटजी कुठून आणणार?"

"शेटजींच्या पानाशेजारी हातभर अंतर सोडा. कोणी विचारलं तर ते अंतर दाखवू."

माणूस असा होता. अर्धं धाडस, अर्धी वकिली. दुसऱ्या कोणाला तो पक्ष महिनाभरही टिकवता आला नसता.

मास्तरांनी ओसरीवर ऊन येतं अशी सबब काढली. "मग तुम्ही सावलीत बसा," म्हणत मामंजी शेटजींच्या शेजारी उन्हात बसले. "शेटजी, आज आधी तुम्ही बोला. विहिरीचं काय?"

शेटजींनी घास गिळला. "जागा चुकली आहे. तुमच्या नकाशातल्या जागी भरतीचं पाणी झिरपतं. वर, चढावर खणा."

"हे आधी नाही सांगितलंत?" वैद्य म्हणाले.

"विचारलं कोणी?"

मामंजींनी डाव्या हाताने ठरावाचा कागद ओढून शेटजींपुढे सरकवला. "जेवण झालं की दुरुस्त करा आणि ठरावही तुम्हीच मांडा."

चार हात वर झाले. विहीर चढावर खणली, पाणी गोड लागलं. माझ्या पुढच्या दोन्ही बाळंतपणांत मला रूळ ओलांडावे लागले नाहीत.

शेटजींचं पान पुन्हा एकटं पडलं नाही. पानं मांडायला मीच असे. ते हातभर अंतर मी दर खेपेला थोडं थोडं कमी करत गेले. मामंजींना ते दिसत होतं.