डा आणि रा यांच्यामधली फट

आमच्या लाखांदूर तालुक्यात रागीट माणसांचा तुटवडा नाही, पण अक्षरांवर रागावणारा माणूस एकच, आणि तो माझा मामा आहे. बाकीचे लोक बांधावरून भांडतात, तलावाच्या पाण्यावरून भांडतात. मामा भांडतो दुकानांच्या पाट्यांशी. चालता चालता थांबतो, मान तिरपी करतो, आणि ज्या दुकानातून त्याला काहीही घ्यायचं नाही त्या दुकानात शिरून मालकाला विचारतो, “हे कोनं लिवलं?” मालक बिचारा सांगतो की कुणी लिहिलं नाही, फ्लेक्सवाल्याकडून छापून आणलं. “तं मंग वाचालेही त्यालेच सांग,” असं म्हणून मामा बाहेर पडतो. एकदा घरी लग्नाची पत्रिका आली, तर ती हातभर लांब धरून तो म्हणाला, “नवरदेवाच्या नावातले अक्षर एकमेकाले धक्के मारून राहिले. नवरीच्या नावातले कोसाकोसावर बसले. यायचा संसार काय होईन?” लग्नाला जाणार नाही म्हणाला. गेला, दोन पंगतींना जेवला आणि दोन्ही वेळा रागातच जेवला.

हा राग मी जवळून पाहिला, कारण मी त्याची सख्खी भाची. आमच्याकडे भाचीला देवासारखं मानतात. मामाने भाचीच्या पाया पडायचं, उलट नाही, आणि भाचीला वाकडं बोलणं म्हणजे पाप. मामाने या रिवाजातून स्वतःपुरता रस्ता काढला होता. तो आधी वाकायचा, माझ्या पायांना हात लावायचा, कमरेवर हात ठेवून उठायचा आणि मग तोंड सोडायचा. बोलता बोलता फारच झालं असं वाटलं तर मध्येच पुन्हा वाकायचा, आणि पुढचं रागावणं सुरू. एकदा मी त्याचा ब्रश घासलेटात न धुता तसाच ठेवला, तेव्हा त्याने तीनदा पाया पडून मला चार वेळा झापलं. चौथ्या वेळचं पाप अजून त्याच्या नावावर आहे. राग मात्र माझ्याकडे पाया न पडताच आला, वारशात.

मामाचं घर मासेमारांचं. त्याचा बाप, त्याचे भाऊ, सगळे गावच्या तलावावर. हा एकटा ब्रश घेऊन गावोगावच्या भिंतींवर गेला, पण जाताना घरातला जाळ्याचा दोरा सोबत घेऊन गेला. तो दोरा निळीत बुडवायचा, एक टोक मी धरायचं, दुसरं त्याने. मग तो मधोमध दोरा ओढून सोडायचा आणि भिंतीवर एक सरळ निळी रेष उमटायची, थोडी माझ्या नाकावरही. त्या रेषेला तो अक्षरं टांगत जायचा. ना पेन्सिल, ना पट्टी. आणि एक विचित्र नेम होता, एकटं अक्षर तो कधी लिहायचा नाही. शाळेच्या मास्तरांनी भिंतीवर नुसती बाराखडी मागितली, तेव्हा त्याने डबा बंद केला. “एकट्या अक्षराले मी वळखत नाई गुरुजी. शब्द सांगा.” शेवटी त्या शाळेच्या भिंतीवर अननस, आई, इमारत असे अख्खे शब्द आले, आणि गावातली एक पिढी क शिकण्याआधी कमळ शिकली.

पुढे मी बाहेरगावी डिझाइन शिकायला गेले, आणि तिथे मला कळलं की मामाच्या रागाला अभ्यासक्रम आहे. काना किती जाड, वेलांटी कुठे वळवायची, शिरोरेषा किती भक्कम, यावर शहाणीसुरती माणसं आयुष्य घालवतात आणि त्यावरून एकमेकांशी बोलणं सोडतात. मला घरी आल्यासारखं वाटलं. शेवटच्या वर्षी प्रत्येकाने एक नवा फॉन्ट करायचा होता. मी ठरवलं, मामाच्या हाताचा करायचा. सुट्टीत गावोगाव हिंडून फोटो काढले. पिठाच्या गिरणीवरचा सगळ्यात देखणा क घेतला, शाळेच्या भिंतीवरचा म, मच्छीमार संस्थेच्या भिंतीवरचा ळ. एकेक अक्षर संगणकावर आखायला महिने लागले. एक पाहुणे प्राध्यापक बघून म्हणाले, “वा, गावरान गोडवा आहे!” माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गोडवा? माझ्या मामात? ज्या माणसाने एक अक्षर सरळ उभं राहावं म्हणून अख्खी भिंत पुसून पुन्हा रंगवली, त्याच्या मेहनतीला हे गृहस्थ गुळाची ढेप समजले होते.

पण राग ज्यांच्यावर करायचा तेच खरे ठरू नयेत, इतकीही दया देवाला आली नाही. त्या फॉन्टमध्ये मी पहिला परिच्छेद टाइप केला आणि तो फाटका निघाला. कुठे दोन अक्षरं एकमेकांच्या मांडीवर, कुठे मध्ये बैल बांधावा एवढी जागा. आमच्या मॅडम शांतपणे म्हणाल्या, “एकेक अक्षर सुरेख आहे. पण वाचता येत नाही.” म्हणजे उरला तो नुसता गोडवाच. काम द्यायला एक महिना उरला होता. मी संतापाने रडले, गाडीत बसले, भंडाऱ्याजवळच्या वरठी स्टेशनला उतरले आणि एसटीने लाखांदूर गाठून मामाच्या दारात उभी राहिले.

मामा वाकला, पायांना हात लावला, कागद हातात घेतले आणि म्हणाला, “हे माये अक्षर नोहे.”

“तुझीच आहेत मामा. भिंतीवरून फोटो काढले.”

“गिरणीतला क शाळेतल्या म च्या बाजूनं कायले बसवला? त्यायची वळख तरी हाय का?” एवढं बोलून त्याने खुंटीवरचं फाटकं जाळं माझ्या मांडीवर टाकलं आणि बोटभर रुंदीची बांबूची पट्टी हातात दिली. “बस. हे वीन.”

मी म्हटलं, मामा, माझ्याकडे महिनाच आहे. तो म्हणाला, मग बडबड कमी कर. पट्टीभोवती दोरा घ्यायचा, गाठ मारायची, पट्टी सरकवायची. तीन दिवस मी गाठी सुंदर मारत होते आणि जाळं वेडंवाकडं होत होतं. चौथ्या दिवशी मामाचा बांध फुटला. तो वाकला, उठला आणि ओरडला, “दोरा काहून पाहून राहिली? भोक पाह्य! मासा दोऱ्यानं थांबत नाई, भोकानं थांबते. एक भोक मोठं झालं तं आख्खं जाळं बेकार!”

मी पट्टी खाली ठेवली आणि संस्थेच्या भिंतीसमोर जाऊन उभी राहिले. इतकी वर्षं पाहिलेली भिंत मला पहिल्यांदा दिसली. मामाचा क प्रत्येक ठिकाणी वेगळा होता. शेजारी कोण आहे ते पाहून त्याने कुठे पोट आत घेतलं होतं, कुठे पाय लांबवला होता. तो अक्षरं लिहीतच नव्हता, मधल्या जागा सारख्या करत होता. माझं काम त्याहून अवघड होतं, कारण फॉन्टमधल्या अक्षराला कोणाही अनोळखी माणसाशेजारी गुमान बसावं लागतं. कॉलेजात हेच आम्हाला व्याख्यानात सांगितलं होतं. मी ते वहीत उतरवूनही घेतलं होतं, चांगल्या अक्षरात.

त्याच आठवड्यात संस्थेचे सचिव सांगत आले की भिंतीला चुना मारायचा आहे, वर फ्लेक्स लागणार. मी फोटो काढल्यापासून बाकी सगळ्या गावांतल्या मामाच्या पाट्या एकेक करून गेल्या होत्या, ही एकच उरली होती. मी संस्थेच्या ओसरीवर उभी राहून जे तोंडाला येईल ते बोलले. सचिवांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “ताई, रंग उडून गेला. लोकायले वाचता येत नाई. तुमचे मामाच पुन्हा लिवून देतीन का?” मामा माझ्या मागेच उभा होता. त्याने उजवा हात हळूच खिशात घातला. तो हात दोन वर्षांपासून थरथरत होता, आणि त्याबद्दल आम्ही दोघंही कधी बोललो नव्हतो.

मी म्हटलं, फ्लेक्सची अक्षरं मी देते, मामाच्या हातची. सचिव कबूल झाले. मामा घरापर्यंत माझ्या पुढे चालत गेला. दारात वळून म्हणाला, “तूच मायी भिंत पुसून राहिली.” त्या वेळी तो आधी वाकला नाही. आयुष्यात पहिल्यांदा मामा मला पाया न पडता रागावला, आणि ते मला फार लागलं. मी त्या रागातच कामाला बसले. प्रत्येक जोडीच्या मधलं भोक पाहिलं. क शेजारी म, म शेजारी ळ, दिवसचे दिवस.

भिंत पांढरी झाली, फ्लेक्स लागला. वर संस्थेचं नाव, खाली गाव, तालुका आणि जिल्हा भंडारा. मामा पाहायला आला. लांबून पाहिलं, मान तिरपी केली. जवळ आला. जन्मभर मी त्याच्या ओरडण्याला भ्याले, पण त्या सकाळी तो गप्प राहील याला भ्याले. तो पाटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदा चालून आला. मग खिशातून उजवा हात काढला आणि ते थरथरणारं बोट ‘भंडारा’तल्या डा आणि रा यांच्यामध्ये टेकवलं.

“इथून मासा निंगून जाईन,” तो म्हणाला. आणि हळूच, भिंतीचा आधार घेत, माझ्या पायांशी वाकला.

मी पास झाले. फॉन्ट आता बरेच लोक वापरतात. त्यात सापडलेली प्रत्येक चूक मी दुरुस्त केली आहे, ही एक सोडून. मामा हल्ली फारसा रागावत नाही. पाट्यांसमोरून मान खाली घालून जातो, पत्रिका न वाचताच लग्नाला जातो आणि एकाच पंगतीला जेवतो. म्हणून मी गावी जाताना दर वेळी काहीतरी छापून नेते आणि पत्त्यात जिल्ह्याचं नाव मोठ्या अक्षरात टाकते. तो कागद हातभर लांब धरतो, त्याचं बोट कापत कापत बरोबर डा आणि रा यांच्यामध्ये जातं, आणि तो एकदम उसळून म्हणतो, “अजून बुजवली नाई तुनं?”

नाही मामा. इतक्यात नाही बुजवणार.