वरून दिसणारी गाय

त्याला सगळे जागल्या म्हणत. गोठ्यात नुसती साखळी वाजली तरी हा अंथरुणातून उठून उभा. गाईंना चोळत बसायचा आणि घरातल्यांच्या चहाड्या त्यांच्या कानात सांगायचा.

मग नोकरीवाल्या लेकीने गोठ्याच्या आढ्याला कॅमेरा बसवला. "बाबा, आता फोनवर बघायचं नि निवांत झोपायचं."

झोप राहिली बाजूला, फोनच हातातून सुटेना. जेवताना गाई, दाढी करताना गाई. धारा काढणं बायकोवर पडलं, हा खाटेवर. बोलणंही आटलं. पांढऱ्या ठिपक्याची कालवड कॅमेऱ्यानंतर विकत घेतलेली. त्याला तिची ओळख फक्त वरून, पाठीची.

आज ती पहिल्यांदा विणार होती.

"अहो, मी चारा घेऊन येते. तुम्ही तिच्यापाशी जाऊन बसा."

"दिसतेय की. उभी आहे."

"मलाही तिथेच बांधा एकदा, म्हणजे माझ्याकडेही बघाल!"

तो हसलासुद्धा नाही. ती गेली.

फोनवर कालवड उभी होती, मान डावीकडे. बऱ्याच वेळाने पाहिलं, मान डावीकडेच. शेपटीही हलत नव्हती. त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. बायकोची किंकाळी आली तेव्हाही फोनमध्ये ती तशीच उभी होती.

गोठ्यात वासरू पडलं होतं. पुरत्या दिवसांचं, नाकातोंडावर पातळ पिशवी तशीच चिकटलेली. कालवड बावरून कोपऱ्यात. बायकोने पिशवी फाडली, नाक पुसलं, छाती चोळचोळ चोळली. मग थांबली.

"एवढंच करायचं होतं हो. नुसतं नाक मोकळं करायचं."

"नेट अडकलं होतं," तो म्हणाला.

लेकीलाही त्याने फोनवर तेच सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, नेट बदलून घेऊ."

"बरं."

कालवडीची कास तटतटली होती. चीक काढणं भाग होतं. त्याने बादली घेतली, उकिडवा बसला, हात लावला. तिने लाथ झाडली. बादली गडगडत गेली. तो परत बसला. परत लाथ.

"तिला तुमचा हात कुठे माहीत आहे?" बायकोच्या आवाजात रागही नव्हता. "उठा. मी बघते."

तो दारात जाऊन उभा राहिला. आता रडू येईल असं वाटलं. आलं नाही.

"बाजूला व्हा," बायको म्हणाली. "उजेड अडतोय."

तो बाजूला झाला.